मैदानवाल्या बाई

एखादं पोरगं कुडकुडत "बाई, थंडी वाजून राहिली" म्हणालं, की बाई त्याला जवळ ओढून पदरात गुंडाळतील, असं नव्या माणसाला वाटायचं. बाई तसलं काही करत नसत. कमरेवर हात ठेवून त्या मोठ्यानं विचारत, "वाजून राहिली का? मंग तिले एकटीलेच काहून वाजू द्याचं? आपणबी वाजू!" झालं. टाळ्या सुरू व्हायच्या, खाऊच्या थाळ्यांवर चमचे पडायचे, कुणी रिकामा डालड्याचा डबा बडवायचं. पाच मिनिटांत आख्खं मैदान दणाणून जायचं, आणि ज्यानं तक्रार केली तो पोरगा सगळ्यांत पुढे लाल गालांनी नाचत असायचा. नागपूरची थंडी अशी त्या रोज सकाळी वाजवून परत पाठवायच्या.

आमचा लेआउट तेव्हा नवा होता, वर्धा रोडच्या बाजूचा. सत्तरच्या दशकाची सुरुवात. निम्मे प्लॉट रिकामे, निम्म्यांवर घरांची बांधकामं, आणि मध्ये एक मोठं मैदान. मैदानाच्या कडेला एक कडुनिंब, पलीकडे बांधकामावर काम करणाऱ्या मजूर कुटुंबांच्या झोपड्या. माझे यजमान बँकेत होते. लग्नानंतर साताऱ्याहून मी थेट इथे आले होते. आमच्या बाजूला थंडी म्हणजे पहाटे गोधडी पायांवर ओढून घेण्यापुरती. इथे डिसेंबर-जानेवारीत सकाळी नळाच्या पाण्यात बोट घातलं तर बोट आहे की गेलं ते पाहावं लागायचं. त्यात आमच्या माधवला बाळदमा. चार वर्षांचा होता. थंडीत त्याच्या छातीतून मांजर गुरगुरल्यासारखा आवाज यायचा, आणि तो आवाज मी झोपेतही मोजत असायचे.

बाई मूळच्या भिवापूरकडच्या, शेतकरी घरातल्या. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, चालताना जमीन तुडवीत चालणाऱ्या. यजमान पोस्टात होते, दोन मुलगे मोठे होऊन कामधंद्याला लागलेले. लेआउटच्या समितीनं सभागृह बांधलं तेव्हा बाईंनी तिथे बालवाडी सुरू केली. बोलणं पक्कं तिकडचं. स्वतःबद्दलही "मी येतो, मी करतो" असंच म्हणायच्या. त्या भागातल्या बायकांची ती रीतच. पण त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती. बाई रागावल्या की एकदम पुस्तकी मराठी बोलायला लागायच्या. शब्द न् शब्द स्वच्छ, जिथल्या तिथे. त्यांच्या तोंडून "आपण असं का केलंत?" ऐकू आलं, की समजावं, समोरच्याची आता धडगत नाही.

हे पुस्तकी मराठी मी पहिल्यांदा ऐकलं ते दिवाळीनंतरच्या एका सकाळी. बाईंनी बालवाडीत मजुरांचीही मुलं घ्यायला सुरुवात केली होती. आया दिवसभर डोक्यावर गिट्टीची घमेली वाहायच्या आणि पोरं वाळूच्या ढिगावर उन्हातान्हात पडलेली असायची. बाईंनी त्यांना धुऊन-पुसून आणून आमच्या मुलांच्या शेजारी बसवलं. कुजबुज सुरू झाली. मग त्या सकाळी सभागृहात माठाशेजारी एक नवा पेला दिसला. पत्र्याचा, त्याला लाल रंगाचा पट्टा मारलेला. माधवला सोडायला गेलेली मी दाराशीच होते. बाईंनी पेला उचलून पाहिला.

"हा कुणाचा?"

समितीचे चिटणीस तिथेच होते. म्हणाले, "बाई, आता तुम्हाला काय सांगायचं? लोकांच्या तक्रारी आहेत. त्या मुलांनी यातून पाणी प्यावं, एवढंच. बाकी आमचं काही म्हणणं नाही."

बाईंनी पेला जागेवर ठेवला. माठातलं अर्धं पाणी झाडाच्या आळ्यात ओतलं आणि माठ कमरेवर घेतला. "हा माठ माझा आहे," त्या म्हणाल्या, "आणि ही मुलं माझी आहेत. सभागृह आपलं आहे. ते आपण ठेवून घ्या." मग पोरांकडे वळल्या आणि आवाज पुन्हा घरचा झाला, "चला रे पोट्टेहो! आज शाळा उन्हात!"

पोरांना काय, सहल निघाल्याचा आनंद. माठ घेतलेल्या बाई पुढे आणि मागे एकमेकांच्या सदऱ्याची टोकं धरलेली झाडून सगळी पोरं, अशी ती आगगाडी सभागृहातून निघाली आणि मैदानात जाऊन थांबली. आमचा माधवही त्यात होता. लाल पट्ट्याचा पेला तेवढा सभागृहात राहिला.

समितीला काळजी वाटली नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, "थंडी पडू द्या. आपोआप येतील परत." सगळ्या लेआउटचं तेच मत होतं. खरं सांगायचं तर माझंही. थंडी पडायला लागली तसतशी आमच्या बाजूची मुलं एकेक करून कमी झाली. माझ्या सासूबाईंनी तर साफ सांगितलं, "त्या बाईला डोकं नाही. आपलं पोर आजारी. त्याला माळरानावर पाठवायचं नाही." मीही माधवला घरी ठेवला. तो खिडकीच्या गजांना नाक लावून बसायचा. मैदानावरून थाळ्यांचा आवाज यायचा आणि तो इकडे खिडकीत नुसत्या तळहातांनी गजांवर ताल धरायचा. आठवडाभर मी ते पाहिलं. मग एका सकाळी त्याला दोन स्वेटर, मफलर, कानटोपी असं सगळं चढवलं आणि सासूबाईंना म्हणाले, "मी बरोबर बसणार आहे. छाती भरली तर लगेच घेऊन येईन." त्यांनी पाठ फिरवली. मी निघाले.

बाईंनी माधवकडे पाहिलं. कानटोपीतून त्याचे फक्त डोळे दिसत होते. "हे पोरगं हाय की गाठोडं?" त्यांनी टोपी कानांवरून जराशी वर सरकवली. "आयकन कशानं बिचारं?" मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू वं, पोरी? पाहात बसाले आली का? हात धुऊन घे अन् संत्री सोल."

माझी त्या शाळेतली नोकरी अशी सुरू झाली.

थंडीत उघड्यावर शाळा चालवणं म्हणजे नुसती जिद्द नव्हे, हे मला संत्री सोलता सोलताच कळायला लागलं. बाईंनी सगळा विचार केलेला असायचा. धान्याच्या दुकानातून जुनी पोती आणून, त्यात भिवापूरकडून आणवलेलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून त्यांनी आसनं शिवली होती. त्यावर बसलं की खालची ओल लागत नसे. शाळेची जागा ठरलेली नव्हती. ऊन जिथे पहिलं पडेल तिथे शाळा. ऊन सरकलं की बाई हाक द्यायच्या, "उठा, सूर्य पुढं गेला!" आणि सगळी शाळा आपापलं पोतं ओढत उन्हामागे जायची. आल्याआल्या बसायचं नाही, आधी पळायचं. लंगडी, शिवाशिवी, बेडूकउड्या. मग कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याची शेकोटी, तिच्याभोवती गाणी आणि गोष्टी. मधल्या सुट्टीत ज्वारीच्या कण्या, गरमागरम, वर तिखट-मीठ आणि तेलाचा थेंब. पोरांची नाकं वाहायची आणि वाट्या चाटून पुसून रिकाम्या व्हायच्या. कुणाला खरोखरच ताप असला तर बाई स्वतः त्याला घरी पोचवून यायच्या. "थंडीशी भांडायचं," त्या म्हणत, "तापाशी नाई. तापाचं आयकायचं."

ज्यांच्या अंगावर स्वेटर नव्हते, आणि बहुतेकांच्या नव्हतेच, त्यांच्यासाठी बाईंची युक्ती होती. सदऱ्याच्या आत छातीवर आणि पाठीवर जुन्या पेपराची घडी. वारा आत शिरत नाही. पोरं पळायला लागली की खसखस खसखस असा आवाज व्हायचा, जसं काही वाळक्या पानांचं झाडच धावतंय. आमच्या माधवला तो आवाज इतका आवडला, की दोन स्वेटर घातलेले असूनही त्यानं हट्ट करून आत पेपर घालून घेतला.

याच पेपराची एक हकिकत नंतर लेआउटभर झाली. अध्यक्ष रोज सकाळी फिरायला निघत. ओव्हरकोट, मफलर, हातात काठी. एक दिवस धुकं होतं, ते मुद्दाम मैदानातून आले. म्हणाले, "काय बाई, मुलांचे हाल चालवलेत? या लेकरांना थंडी वाजत नाही?"

बाई काही बोलायच्या आत सुखदेव नावाचा एक मजुराचा पोरगा ताडकन उठला. "नाई वाजत! माह्याजवळ पेपर हाये!" आणि पुरावा म्हणून त्यानं सदऱ्यातून घडी उपसून काढली. ती उलगडली तर तिच्यावर खुद्द अध्यक्षांचा फोटो. कसल्याशा उद्घाटनात गळ्यात हार घालून उभे.  मग बाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "पाहा साहेब. आमी म्हणत होतो, समिती या पोट्ट्यांसाठी काई करत नाई. तुमी तर त्याच्या छातीशी बसून त्याले गरम ठेवून राहिले."

साहेब काठी टेकत निघून गेले. सुखदेवनं फोटोची घडी नीट पूर्ववत करून सदऱ्यात घातली.

पण प्रत्येक सकाळ अशी हसण्याची नसे. जानेवारीत आभाळ आलं, दोन दिवस पाऊस आणि गारा, आणि त्यामागून अशी थंडी आली की कावळेसुद्धा अंग फुगवून बसले. त्याच दिवसांत गंगी आजारी पडली. रुखमा नावाच्या मजूर बाईची मुलगी, पाच वर्षांची, सगळ्यांत लहानखुरी आणि सगळ्यांत मोठ्यानं गाणारी. तिच्या छातीत कफ भरला, श्वास लागला, दवाखान्यात दाखल करावं लागलं. इतके दिवस जे लोक नुसतं बोलत होते त्यांना आता मुद्दा मिळाला. "मैदानानं पोरीला खाल्लं," असं बायका नळावर बोलायला लागल्या.  सासूबाई माधवला मांडीवर घेऊन बसल्या आणि उठू देईनात.

बाईंना मी खचलेलं पाहिलं ते तेव्हाच. दुपारभर त्या दवाखान्यात गंगीच्या खाटेशी बसून असायच्या. सकाळी शाळा घ्यायच्या, पण डबे वाजवायचं त्यांच्या मनातून निघून जायचं. शेकोटीशी बसल्या की नुसत्या काडीनं राख सारत राहायच्या. एक दिवस मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. रुखमा पोरीच्या उशाशी होती. बाईंनी तिला सरळच विचारलं, "रुखमा, लोक म्हणून राहिले, माह्यामुळं झालं. लोकायचं मले काई नाई. तू माय हायेस. तू सांग. तू म्हणशीन तर मी उद्या शाळा बंद करतो."

रुखमा रागावली. खरोखर रागावली. "बंद करता? अन् पोरगी कुठं ठेवू मी? गिट्टीवर? झोपडीत रातभर वारा शिरते, तवा कोनी इचारत नाई थो कुठून आला म्हणून. ते दोन दिवस पाणी गळून राहिलं, पोरगी भिजल्या गोधडीत होती, तवा कोन आलं? तुमच्या मैदानात तिले ऊन भेटते, खाले भेटते. बरी होऊ द्या तिले. मी सोता आणून सोडतो."

बाईंनी गंगीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. बाहेर आल्यावर दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि पदरानं तोंड झाकून रडल्या. मी शेजारी उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांनी तोंड पुसलं, उठल्या आणि म्हणाल्या, "चाल वं. झोपड्यांवर टाकाले ताडपत्री पाहू बर्डीवर." आम्ही तशाच सीताबर्डीला गेलो आणि दोघींनी मिळून ताडपत्रीचा गठ्ठा रिक्षात चढवला. त्या संध्याकाळी बाईंचे यजमान, एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, शिडी लावून रुखमाच्या झोपडीवर ताडपत्री बांधत होते आणि खालून बाई सूचना देत होत्या.

समितीला हे कळलं नव्हतं, की कळून वळलं नव्हतं, कोण जाणे. पण त्याच आठवड्यात त्यांनी बाईंना सभेला बोलावलं. अध्यक्षांनी समजूतदार सूर लावला. झालं गेलं विसरा, परत सभागृहात या. आपली मुलं आत बसतील, आणि त्या मुलांसाठीही आम्ही सोय केली आहे. व्हरांडा. वर छप्पर आहे, त्यांना थंडी लागणार नाही.

सभेत बायका आम्ही दोघीच होतो. बाई उभ्या राहिल्या. मी आवाजाकडे लक्ष दिलं. पुस्तकी मराठी.

"व्हरांडा म्हणजे आत, की बाहेर?"

"आता... व्हरांडा तो व्हरांडाच, बाई."

"बाहेर असेल, तर बाहेर आम्ही आहोतच. आणि आमच्या बाहेरात सगळे शेजारी शेजारी बसतात. आपल्या आत तेवढी जागा नाही. जेव्हा होईल तेव्हा कळवा."

त्यांनी नमस्कार केला आणि निघाल्या. मीही उठले. तोवर मी कधी चार माणसांत उठून गेले नव्हते. त्या दिवशी गेले. घरी आल्यावर यजमानांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "उद्यापासून माझा पेपर वाचून झाला की माधवच्या शाळेत देत जा."

गंगी वाचली. पंधरवड्यानंतर रुखमा तिला कडेवर घेऊन आली आणि बाईंच्या पुढ्यात उतरवून कामावर गेली. त्या दिवशी थाळ्या अशा वाजल्या की नळावरच्या बायका कुंपणापर्यंत आल्या. संक्रांतीचा हलवा आणि तिळगूळ बाईंनी तिच्यासाठी राखून ठेवला होता. घरी गेलेली आमच्या बाजूची काही मुलं फेब्रुवारीपर्यंत परत आली. काही आली नाहीत. माधवचा दमा मैदानानं घालवला असं मी म्हणणार नाही. तो वाढत्या वयाबरोबर गेला, मध्ये दोनदा त्यानं आम्हाला चांगलं घाबरवलंही. पण खिडकीत बसलेलं ते पोर मैदानानं घालवलं, एवढं मात्र खरं.

पुढे बाई परत सभागृहात गेल्या नाहीत. पावसाळ्यात स्लॅब टाकून झालेलं एखादं अर्धवट घर शोधायच्या, दिवाळीनंतर पुन्हा मैदान. मग मैदानाचेही प्लॉट पडले. एक दिवस सकाळी पाहतो तो पायासाठी चुन्याच्या रेघा मारलेल्या. बाईंनी दोन मिनिटं विचार केला आणि त्या रेघांवरून पोरांना तोल सांभाळत चालायला लावलं. खोदायला आलेल्या मजुरांत निम्मे आमच्याच मुलांचे बाप. ते फावडी टेकवून बघत राहिले. शाळा सुटेपर्यंत त्यांनी कुदळ मारली नाही, मुकादम ओरडला तर म्हणाले, "दुसऱ्या कोपऱ्यापासून धरतो." अशी घरं वाढत गेली आणि शाळा एका मोकळ्या प्लॉटवरून दुसऱ्यावर सरकत गेली. पत्ता बदलायचा, वेळ नाही.

मग बाईंच्या यजमानांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. दीर भिवापूरला शेती पाहत होते, त्यांनी तिकडे बोलावून घेतलं. बाईंचं सामान एका ट्रकच्या कोपऱ्यात मावलं. निघताना मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडू नको वं. पोती शिवून ठेवली हायेत, तणस नवं हाय. सकाळी ऊन पाह्य अन् बस." मी म्हटलं, "बाई, मला नाही जमायचं. मला तुमच्यासारखं बोलता येत नाही." त्या ट्रकमध्ये चढता चढता थांबल्या. "मले तरी कुठं येत होतं? अंगावर आलं म्हणून आलं."

नंतर एकदा मी त्यांना भिवापूरला भेटून आले. यजमानांना धरून अंगणात चालवत होत्या, मिरच्यांच्या वाळवणाभोवती एकेक फेरी. मग काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं, तेही उशिरा, दिवसकार्य आटोपून गेल्यावर. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. मला लिहायचं आहे ते त्या गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळीबद्दल. म्हणजे भिवापूरला गेल्यानंतरच्या.

डिसेंबर होता. दाट धुकं. मी पोती अंथरली आणि एकटी उभी राहिले. वेळ झाली होती, पोर एकही नव्हतं. मला वाटलं, झालं, शाळा बाईंची होती, बाईंबरोबर गेली. तेवढ्यात धुक्यातून काठीचा आवाज आला. अध्यक्ष. आता म्हातारे झाले होते, ओव्हरकोट सैल झाला होता. त्यांनी पोत्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आवाजात वाईटपणा नव्हता, उलट थोडी कीवच होती.

"गेल्या का बाई? मग आता शाळा बंद ना?"

मी आयुष्यभर लोकांना बरं वाटेल तेच बोलत आले होते. तोंड उघडलं तेव्हा काय बाहेर येणार, मलाही ठाऊक नव्हतं. पण जे आलं ते स्वच्छ आलं, शब्द न् शब्द.

"बंद कशी करणार, साहेब? हिला दारच नाही."

पलीकडे धुक्यात कुठेतरी पेपर खसखसले.